लाव्रेसन, हॅरी

(१४ मार्च १९९७ – ). डच ट्रॅक सायकलपटू, कमी अंतराच्या वेगवान शर्यतींतील पाच ऑलिंपिक सुवर्णपदकांचा मानकरी. जन्म नेदरलँड्सच्या नॉर्थ ब्राबांट प्रांतात, बेल्जियमच्या सीमेलगतच्या लॉयक्सगेस्टेल गावी. सुरुवातीला तो बीएमएक्स, म्हणजे उंचवट्यांच्या छोट्या मार्गावरील सायकल शर्यतींत उतरे. खांदा वारंवार निखळू लागल्याने ते सोडून ट्रॅककडे वळला.

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो आणि पॅडल थांबवून नुसते घरंगळताही येत नाही. स्प्रिंटमध्ये दोघेच स्वार असतात. आधी दोघेही एकमेकांवर नजर ठेवून रेंगाळतात, कारण पुढे जाणारा मागच्यासाठी वारा कापतो. खरी झुंज शेवटच्या दोनशे मीटरांत रंगते. लाव्रेसनला इथे सर्वांत कडवा प्रतिस्पर्धी लाभला तो स्वतःच्याच संघातला. येफ्री होगलंडला त्याने २०१९, २०२० आणि २०२१ च्या जागतिक अंतिम फेरींत हरवले. टोकियो ऑलिंपिकची अंतिम लढतही याच दोघांत होऊन, प्रत्येकी एक शर्यत जिंकल्याने, तिसऱ्या शर्यतीपर्यंत ताणली गेली आणि लाव्रेसनने जिंकली. सांघिक स्प्रिंटमध्ये मात्र रॉय व्हान डेन बर्ग पहिली फेरी ओढतो (पुढे राहून वारा कापतो), लाव्रेसन दुसरी आणि होगलंड तिसरी. टोकियोत या संघालाही सुवर्ण मिळाले.

केरिन या शर्यतप्रकाराने तिथे त्याला चकवले. या प्रकारात मोटारसायकलमागून वेग वाढवत नेतात आणि ती बाजूला झाली की शर्यत पेटते. ब्रिटनच्या जेसन केनीने त्याच क्षणी मुसंडी मारली. बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले. लाव्रेसनच्या वाट्याला कांस्य आले.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने केरिनसह तिन्ही सुवर्णपदके जिंकली. सांघिक स्प्रिंटमध्ये ४०.९४९ सेकंदांचा विश्वविक्रम झाला. वैयक्तिक स्प्रिंटच्या पात्रता फेरीत ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू रिचर्डसनने नवा विश्वविक्रम केला, पण तो काही मिनिटेच टिकला: लाव्रेसनने दोनशे मीटर ९.०८८ सेकंदांत कापले. अंतिम फेरीतही रिचर्डसन हरला. २०२५ मध्ये, आता ब्रिटनकडून खेळणाऱ्या रिचर्डसननेच तो विक्रम मोडला आणि नऊ सेकंदांची सीमाही ओलांडली.

पॅरिसनंतर दोनच महिन्यांनी डेन्मार्कमधील बॅलेरूपच्या जागतिक स्पर्धेत लाव्रेसनने एक किलोमीटर टाइम ट्रायलचे (घड्याळाविरुद्धच्या शर्यतीचे) विजेतेपदही मिळवले. त्या स्पर्धेअखेर त्याची जागतिक विजेतेपदे १६ झाली आणि फ्रान्सच्या आर्नो तूर्नांचा १४ विजेतेपदांचा आकडा मागे पडला.