नाटकातले वडील आणि नाटककाराचे वडील

‘नाटककार आपल्याच घरातली माणसे नावे बदलून रंगमंचावर उभी करतो’, असे विधान वर्षानुवर्षे पुढे पाठवले जाते. त्यात तथ्याचा अंश आहे, कारण बोलण्याची लकब, जेवतानाचा अबोला किंवा एखादे जुने भांडण लेखक अनेकदा घरातूनच उचलतो. परंतु दोन-अडीच तासांच्या प्रयोगात मोजक्याच पात्रांना वाव असल्याने तो दोन काकांचा एक काका करतो, एखादे भावंड गाळतो आणि संघर्षासाठी मवाळ वडिलांनाही कठोर करतो. पडताळायचे असल्यास भावंडांची संख्या, वयांतील अंतर आणि घरातील मृत्यूंचा क्रम नाटकाशी ताडून पाहावा. पहिला खर्डा उपलब्ध असेल तर उत्तमच. खोडलेल्या ओळींत पात्र घरापासून कसे दूर सरकले ते दिसते. नातेवाइकांच्या आठवणी मात्र जपून वापराव्यात, कारण प्रयोग पाहिल्यानंतर त्यांवरही नाटकाचा रंग चढलेला असू शकतो.