ज्ञानविषयक धारणांचे मापन

ज्ञान किती पक्के असते, ते कुणाकडून मिळते, शिकणे कसे घडते, याविषयी माणूस मनाशी जे धरून चालतो ते अजमावण्याची शैक्षणिक मानसशास्त्रातील पद्धत. या अभ्यासाचा पाया विल्यम पेरी यांनी हार्वर्डमधील विद्यार्थ्यांच्या मुलाखतींतून घातला. त्यांचे विवेचन १९७० मध्ये ग्रंथरूपाने आले.

मुलाखती वेळखाऊ. म्हणून मार्लिन शोमर यांनी १९९० मध्ये ६३ विधानांची प्रश्नावली मांडली. ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ अशा श्रेणीवर खूण करायची. काही विधाने मुद्दाम उलटी असतात व त्यांचे गुणही उलटे धरतात. त्यातून चार धारणा हाती लागल्या : ज्ञान सुटेसुटे असते, ते बदलत नाही, शिकण्याची कुवत जन्मजात असते आणि समजायचे ते झटकन समजते. ही शेवटची धारणा बाळगणारे विद्यार्थी वाचायला दिलेल्या उताऱ्याचा निष्कर्ष ढोबळ काढत, चाचणीत मागे पडत, तरी आपल्याला कळले याची त्यांना खात्री असे. ज्ञान अधिकारी व्यक्तीकडूनच येते ही अपेक्षित पाचवी धारणा मात्र घटक विश्लेषणात, म्हणजे एकत्र जाणाऱ्या उत्तरांचे गट पाडणाऱ्या सांख्यिकी पद्धतीत, वेगळी निघाली नाही.

नागपुरात हे मापन करताना खरी अडचण याच पाचव्या धारणेची. १९५६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी येथे धम्मदीक्षा घेतली. ‘गुरूने सांगितले म्हणून मानू नका’ हा कालाम नावाच्या लोकांना केलेला बुद्धोपदेश घरात ऐकत वाढलेली मुलगी ‘शिक्षकांचे म्हणणे नेहमी बरोबर असते’ या विधानापुढे बेधडक ‘असहमत’ची खूण करील. परीक्षेत मात्र ती गाईडातले उत्तर जसेच्या तसे उतरवील, कारण गुण त्यालाच मिळतात. प्रश्नावलीला यातले पहिलेच दिसते.

‘प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असते’ या विधानाचेही तेच. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले की एक वजा, या हिशेबाने वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणारा शिकवणीतला मुलगा लगेच ‘सहमत’ म्हणेल. ही त्याची ज्ञानाबद्दलची धारणा की परीक्षेची सवय, हे नुसत्या आकड्यावरून ठरवणे धाडसाचे आहे. पदार्थविज्ञानाबद्दल तो एक म्हणेल, इतिहासाबद्दल दुसरे. बार्बरा होफर यांनी २००० मध्ये विषयनिहाय प्रश्नावली वापरली ती अशाच फरकांसाठी. अशा मापनींत एकेका धारणेसाठीच्या विधानगटाची विश्वसनीयता, म्हणजे त्यातल्या उत्तरांचा आपसातला मेळ, अनेकदा कमी भरते, त्यामुळे मोजक्या विद्यार्थ्यांना ‘हे का निवडले?’ असे समोर बसवून विचारण्याची जोड दिली जाते.