आठ लांडगे, सोळा फासे

रविवारी रात्री कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका खोलीत आमचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा, म्हणजे एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायच्या गोष्टीच्या खेळाचा, डाव बसतो. परवा आमच्या ड्रुइडनं, म्हणजे निसर्गाचे मंत्र जाणणारं पात्र घेतलेल्या गड्यानं, मंत्र टाकून एकदम आठ लांडगे बोलावले. तेवढ्या बाहुल्या कुठल्या असायला? नकाशावर आठ शेंगदाणे मांडले. साथीदार सावजाला भिडलेला असेल तर लांडग्याला दोन फासे टाकून मोठा आकडा धरता येतो. म्हणजे आठ चाव्यांचे सोळा फासे, आणि चावा लागला की त्याचे आणखी वेगळे. हिशेब चालू असतानाच शेजारच्या भावानं दोन लांडगे खाऊन टाकले.

हे सगळं सुरू झालं तेव्हा भानगड वेगळीच होती. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 मध्ये आला. त्यात पाचव्या पातळीचा एक मंत्र होता : अग्नी, वायू, जल किंवा पृथ्वी या तत्त्वांपैकी एकाचा जीव ओढून आणायचा. मात्र मांत्रिकाचं लक्ष ढळलं की तो जीव त्याच्यावरच उलटायचा. कोल्हापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. संस्थानकाळात इथं शिकारीसाठी चित्ते पाळत आणि त्यांना सांभाळायला चित्तेवान असत. जनावर आपलं, पण नजर हलवायची सोय नाही.

1978 च्या पुस्तकात प्राणी बोलावण्याचे मंत्र सात पायऱ्यांचे होते. कुठला प्राणी येणार ते डीएम, म्हणजे डाव चालवणारा, नशिबावर ठरवायचा. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत पायऱ्या नऊ झाल्या आणि यादीतून निवड खेळाडूच करू लागला. मात्र मुदत पातळीमागे एक फेरी, म्हणजे पहिल्या पातळीच्या मांत्रिकाला सहा सेकंद. 2008 च्या आवृत्तीत प्राण्याला हलवायला मालकाची स्वतःची चाल खर्ची पडायची. ती आम्ही खेळलोच नाही.

मग 2014. प्राणी बोलावण्याच्या मंत्रात चार पर्याय : एक दांडगा, दोन मध्यम, चार किरकोळ किंवा आठ चिल्लर. सगळे आठच घेतात! खेळाडूनं फक्त पर्याय निवडायचा, जनावर कुठलं ते डीएम ठरवणार, असा खुलासा नंतर खेळाच्या कर्त्यांनीच केला. आमच्या टेबलावर मात्र तो कुणी मनावर घेत नाही. 2020 च्या पुरवणी पुस्तकात एकच प्राणी आणि त्याची ताकद मंत्राच्या पातळीप्रमाणे, असे नवे मंत्र आले. 2024 मध्ये तर आठ लांडग्यांची सोयच गेली. आता येतो तो छायारूपी कळप, नकाशावर एकत्र सरकणारा. तत्त्वजीवाचं उलटणं 2014 च्या पुस्तकातही होतं, तेही या वेळी काढलं. हिशेब सोपा झाला खरा, पण मला ती धास्तीच जास्त आवडायची.

आम्ही अजून 2014 वरच आहोत. त्या रात्री ड्रुइडला एक बाण लागला. मंत्र टिकवायला फासा टाकून दहा जमवायचे होते, जमले सात, म्हणजे लांडगे गेले. उरलेले सहा शेंगदाणे त्यानंच तोंडात टाकले.