सर्दीच्या गोळीनं नाक उघडत नाही

परभणीत थंडी पडली की मेडिकलवर एकच मागणी, "नाक चोंदलंय, सर्दीची गोळी द्या." घरातली गोळ्यांची पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा, बऱ्याचदा ‘फेनिलेफ्रिन’ दिसेल. हे औषध गिळलं की बरंचसं आतड्यात आणि यकृतातच निकामी होतं, नाकापर्यंत पुरेसं पोचतच नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीनं २०२३ मध्ये एकमतानं सांगितलं की गिळलेल्या फेनिलेफ्रिननं चोंदलेलं नाक सुटत नाही. आपल्याला बरं वाटतं ते सोबतच्या पॅरासिटामॉलमुळं. अंग दुखायचं थांबतं, आणि सर्दी तर आठवड्याभरात आपली आपणच ओसरते.

झायलोमेटाझोलिनचे थेंब मात्र काही मिनिटांत नाक उघडतात. पण ते तीन ते पाच दिवसांहून जास्त टाकत राहिलात तर नाक उलट जास्त चोंदतं, मग बाटली सुटत नाही.

लेकरांसाठी हात जोडून सांगते, "अर्धी मोडून दे" हे बंद करा. क्लोरफेनिरामिन (सर्दीच्या गोळीतलंच ॲलर्जीवरचं औषध) आणि फेनिलेफ्रिनचं मिश्रण ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा आपल्या औषध नियंत्रकांनीच डिसेंबर २०२३ मध्ये दिलाय. उकळत्या पातेल्यावर वाफ देताना पोरं भाजतात. त्यांना नाकात टाकायचे सलाईनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे, थेंब पुरेत.