सगळ्यांका एकाच दिसा सुट्टी

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालवणहून मुलांना घेऊन एका मोठ्या थीम पार्कला गेलो होतो. दिवाळीनंतरचा पहिला शनिवार. सकाळी साडेदहाला आत शिरलो आणि दुपारी एक वाजेपर्यंत एकच राइड झाली होती. धाकटा कंटाळून रेलिंगला लोंबकळत होता, थोरलीने पुढची डोकी तीनदा मोजून नाद सोडला होता. सासूबाई सावलीत बाकावर बसल्या होत्या, चकल्यांची पिशवी मांडीवर घेऊन. त्या वळत वळत गेलेल्या रांगेकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "गो, सगळ्यांका एकाच दिसा सुट्टी गावली, मगे काय होतला?"

घरी परतल्यावरही ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. गर्दीचा विषय निघाला की आपण तिकिटाबद्दल बोलतो, व्यवस्थेबद्दल बोलतो, लोकांच्या शिस्तीबद्दल तर बोलतोच. सुट्टीबद्दल कुणी बोलत नाही. लाखो माणसं एकाच दिवशी मोकळी होतात ही फार जुनी गोष्ट नाही. तिला जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षं झाली आहेत, आणि तिच्या इतिहासात कोकणची माणसं अगदी मधोमध उभी आहेत.

गावात सुट्टी अशी नव्हतीच. शेतीच्या कामात खंड पडायचा, सण यायचे, जत्रा यायच्या. त्यातही आमच्याकडच्या जत्रांची एक खासियत आहे. कार्तिक लागला की सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू होतो तो थेट उन्हाळ्यापर्यंत. पण प्रत्येक गावाची तिथी वेगळी. आज या गावच्या देवळात दशावतार, उद्या पलीकडच्या गावात. दशावताराची मंडळं पेटारा घेऊन गावोगाव फिरतात, खाजेवाले आणि खेळण्यांची दुकानं त्यांच्या मागोमाग. गर्दी होते, पण ती गावागावांत आणि महिन्यामहिन्यांत वाटलेली. हे कुणी बसून ठरवलेलं नसणार, तरी गर्दी पांगवायची इतकी चांगली तऱ्हा मला दुसरीकडे दिसलेली नाही.

मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या त्या १८५० च्या दशकात. गिरणीला तिथी नव्हती. सूर्य उगवला की भोंगा आणि मावळला की सुटका, असे दिवस. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यातच धरून, माणसं परळ-लालबागच्या खोल्यांत येऊन राहिली. आठवड्याची ठरलेली सुट्टी त्यांना नव्हती. ती मिळवून देण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांना एकत्र केलं. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अशा त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर किती साध्या वाटतात. त्यासाठी सहा वर्षं लढावं लागलं. १८९० च्या एप्रिलात मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली, त्या सभेत दोन कामगार बायका बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी कारखाना कायद्यातही आठवड्याची सुट्टी आली.

रविवारी पार्कात रांग लावून उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाला लोखंड्यांचं नाव माहीत असावं, असं मला फार वाटतं. त्या दोन बायकांबद्दलही.

रविवार एका दिवसाचा. त्यात गिरगाव चौपाटी होते, राणीची बाग होते, गाव होत नाही. गावासाठी लांबची रजा हवी. १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवस काम केलं की एक दिवस भरपगारी रजा, असा हिशेब ठरवून दिला. गिरणीवाला हे दिवस साठवायचा आणि मुलांच्या शाळेची मे महिन्याची सुट्टी लागली की सगळे एकत्र काढायचा. उरलेसुरले गणपतीला. म्हणून मुंबईचा चाकरमानी आणि मे महिना यांची गाठ इतकी घट्ट बसली. एका शहरातली इतकी माणसं एकाच पंधरवड्यात एकाच किनाऱ्याकडे निघायची.

आणि निघायची बोटीने. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा मामंजी परळच्या गिरणीत होते. भाऊच्या धक्क्यावर रात्रीपासून वळकट्या टाकून बसायचं, बोटीत डेकवर जागा धरायची, मग एकेक बंदर येत जायचं: हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण. पुष्कळ ठिकाणी बोट किनाऱ्याला लागायचीच नाही. ती खोल पाण्यात थांबायची, न्यायला पडाव म्हणजे लहान होडी यायची, आणि लाटेवर ती होडी वर आली की पोर खलाशाच्या हातात द्यायचं. पावसाळ्यात बोटी बंद. त्यामुळे मे संपायच्या आत जायचं आणि परतायचं, ही आणखी एक कात्री. सासूबाईंनी पार्कातली रांग इतक्या शांतपणे का पाहिली ते मला हे सगळं ऐकताना कळलं. त्यांनी तीन लेकरं घेऊन त्या धक्क्यावर रात्री काढल्या आहेत.

त्या गर्दीची एक आठवण कोकणात अजून भिजलेल्या आवाजात सांगितली जाते. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या तोंडावर, 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. मुंबईपासून फार दूर गेलीही नव्हती, तोच वादळी लाटेत कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. घराकडे सणाला निघालेली माणसं. किनाऱ्याकडच्या कित्येक घरांत अनेक वर्षं ही अमावास्या गोडाधोडाची राहिली नाही.

पुढे एसटी आली. राज्याची पहिली एसटी धावली १ जून १९४८ रोजी, पुणे ते नगर. कोकणातल्या गावांना रस्ते होत गेले तसा लाल डबा आत आत पोचला, बोटींचं महत्त्व ओसरलं आणि रांग धक्क्यावरून आगाराच्या आरक्षण खिडकीवर आली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाल्यावर ती रेल्वेच्या खिडकीवर गेली. आता ती मोबाइलवर असते, आरक्षण उघडल्या क्षणी बोट फिरवत बसलेली. गर्दीची जागा बदलत गेली, पंधरवडा तोच राहिला.

आता करमणुकीकडे वळते, कारण थीम पार्क म्हणजे नुसती सुट्टी नव्हे, तिथे पाळणाही हवा.

जत्रेतला लाकडी पाळणा आमच्या पिढीने पाहिला आहे. चार पाळणे, मधे आडवा दांडा आणि हाताने गरगरवणारे दोघे जण. बसणारी चार-आठ पोरं, रांगेत वीस. पाच मिनिटांत नंबर. या पाळण्याला लोखंडाचं अजस्र रूप दिलं जॉर्ज फेरिस या अमेरिकन अभियंत्याने, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. २६४ फूट उंच चाक, ३६ डबे, प्रत्येक डब्यात साठ माणसं. एका वेळी २,१६० माणसं हवेत. करमणूक यंत्रावर गेली की तिला गर्दी लागतेच, कारण एवढं यंत्र चार पोरांसाठी फिरवणं परवडत नाही.

वॉल्ट डिस्नेने १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात अनाहाइमला डिस्नेलँड उघडलं तेव्हा त्यात नवं होतं ते यंत्र नव्हे, मांडणी. एकच प्रवेशद्वार, आत वेगवेगळ्या कल्पनांचे भाग, आणि आईबापांनी मुलांबरोबर करायच्या गोष्टी. बापाने बाकावर बसून शेंगा खायच्या आणि मुलांनी एकटंच चक्रात बसायचं, हे त्याला आपल्या मुलींना घेऊन फिरताना खटकलं होतं, असं तो स्वतः सांगायचा. कुटुंबाची सहल म्हणून विकलेली ही बहुधा पहिली मोठी बाग. उद्घाटनाच्या दिवशी बनावट आमंत्रणपत्रिका घेऊन हजारो जास्तीची माणसं आत शिरली, खाणं संपलं, उन्हाने नुकतंच घातलेलं डांबर मऊ पडून बायकांच्या टाचा रुतल्या. तो दिवसही १७ जुलैच होता. 'रामदास'नंतर बरोबर आठ वर्षांनी. या दोन तारखांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मी कोकणातली आहे आणि ती तारीख वाचताना मला थांबावं लागलं.

डिस्नेलँडमध्ये सुरुवातीला प्रत्येक राइडचं वेगळं तिकीट असायचं. साध्या राइडला स्वस्त, मोठीला महाग, आणि कुटुंबाला तिकिटांचं पुस्तक मिळायचं. मोठ्या राइडची तिकिटं मोजकी, म्हणून माणसं आपसूक साऱ्या बागेत विभागली जायची. १९८२ मध्ये ही पुस्तकं बंद झाली आणि एकाच पासात सगळं खुलं झालं. सोय झाली, पण त्याच क्षणी रांग वाढण्याचं कारणही तयार झालं. पैसे आधीच दिलेत म्हटल्यावर दार उघडताच सगळे सगळ्यात मोठ्या राइडकडे धावणार. आपल्याकडे हीच एकाच पासाची पद्धत रुळली. जत्रेत खिशातले दहा रुपये संपले की पोर आपोआप पाळण्यावरून उतरायचं. पासने तो अडसर काढून टाकला.

भारतात दिल्लीचं अप्पू घर हे करमणूक पार्क १९८४ चं. आपल्या किनाऱ्यावर पहिलं मोठं पार्क आलं ते १९८९ मध्ये, गोराईला, एस्सेल वर्ल्ड. उत्तर कोकणातलं हे मासेमारीचं आणि शेतीचं बेट. तिथे जायचं तर बोरिवलीकडून किंवा मार्व्याहून खाडी ओलांडून फेरीबोटीने. सुट्टी म्हणजे पाणी ओलांडणं, ही मुंबईच्या कोकणी माणसाची जुनी सवय इथे नव्या कपड्यांत आली, असं मला वाटतं. नव्वदच्या दशकात शाळेच्या सहली तिथे जाऊ लागल्या, १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम झालं. मुंबईत वाढलेल्या आमच्या नात्यातल्या मुलांनी मे महिन्यात गावी येण्याऐवजी 'आधी तिकडे' असा हट्ट धरायला सुरुवात केली ती याच काळात. त्याच्या मागे दुसरं दुखणंही होतं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या आटत गेल्या, साठवलेली महिनाभराची रजा ही चीजच संपली. नव्या नोकरीत शनिवार-रविवारला जोडून मिळाला तर एखादा दिवस. तेवढ्यात मालवण होत नाही, गोराई होते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका हे थीम पार्क उघडलं. जागा अशी की मुंबईकर आणि पुणेकर दोघेही सकाळी निघून रात्री घरी. म्हणजे दोन महानगरांचा शनिवार एका फाटकातून आत.

रांगेचं गणित मला मुलीला समजावून सांगावं लागलं, ते इथेही मांडते. समजा, रोलर कोस्टरच्या गाडीत २४ जागा आहेत आणि दर दोन मिनिटांनी गाडी सुटते. तासाला ३० फेऱ्या, ७२० माणसं. पुढे १,५०० जण असतील तर नंबर यायला दोन तासांहून अधिक वेळ. आता प्रत्येक फेरीला एखाद्याचा चष्मा काढायचा राहिला, एखाद्याचा पट्टा नीट बसेना, एखादं कुटुंब एकाच ओळीत बसण्यासाठी अडून राहिलं आणि दोनाची तीन मिनिटं झाली, तर तासाला ४८० माणसं. तोच नंबर तीन तासांवर जातो. पट्ट्याची तपासणी घाईत उरकता येत नाही, ती उरकूही नये. त्यामुळे जोडून आलेल्या सुट्टीत कुठलंही पार्क कितीही चांगलं चालवलं तरी रांग फार कमी होत नाही. जास्त पैसे घेऊन वेगळ्या रांगेने आधी सोडायची सोय बऱ्याच ठिकाणी असते, पण गाडीतल्या जागा चोवीसच राहतात. एकाचा नंबर पुढे गेला की दुसऱ्याचा मागे जातो.

हेच गणित आमच्या दारातही आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पाठोपाठ रेल्वे आली, मग तारकर्लीचं स्कूबा आलं. मे महिन्याच्या रविवारी मालवणच्या जेटीवर समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात जाणाऱ्या होड्यांसाठी जी रांग लागते तिच्यात पुण्याची, कोल्हापूरची, मुंबईची कुटुंबं उन्हात उभी असतात. होडीत बसायच्या माणसांचा आकडा ठरलेला, लाइफ जॅकेट घालायला वेळ जातो, आणि पावसाळा लागला की होड्या बंद, म्हणून मेचा शेवटचा आठवडा सगळ्यात तुडुंब. जुन्या बोटींची तीच कात्री.

मालवण तालुक्यातच तोंडवळी-वायंगणीला सी वर्ल्ड नावाचं समुद्री थीम पार्क उभारायचा सरकारचा बेत होता. शेकडो एकर जमीन जाणार होती. गावकऱ्यांनी विरोध केला आणि पार्क झालं नाही. रोजगार हवा होता असंही इथे अनेक जण म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं मला पोकळ वाटत नाही. तरी आमच्या पोरांना रांगेत उभं राहायला लांब जावं लागतं याचं दुःख मला त्या सड्यावरच्या, म्हणजे कातळमाळावरच्या कलमांपेक्षा मोठं वाटत नाही.

आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा मात्र या सगळ्या कॅलेंडराबाहेर राहिली आहे. तिची तारीख पंचांगात ठरलेली नसते. देवीचा कौल घेऊन ती दरवर्षी जाहीर होते, आणि वार कुठलाही येवो, लाखो माणसं रजा टाकून येतात. कोकण रेल्वे त्यासाठी जादा गाड्या सोडते, दर्शनाच्या वेगवेगळ्या रांगा लागतात. यंदाची तारीख फुटली की सासूबाई आधी मुंबईच्या दोन्ही दिरांना फोन लावतील. मुलांना शाळेतून एक दिवस काढायचं आमचं ठरलंय. धाकट्याने विचारून ठेवलंय, तिथल्या पाळण्याला पास लागतो का.