आजी-आजोबा आयर्लंडचे असतील तर: जुन्या पत्रापासून परदेशी जन्मनोंदणीच्या अर्जापर्यंत

आईकडच्या किंवा वडिलांकडच्या चौघा आजी-आजोबांपैकी एक जरी आयर्लंड बेटावर जन्मलेलं असेल, तर नातवंडाला आयरिश नागरिकत्व मिळू शकतं. बेट म्हटलं की त्यात उत्तर आयर्लंडही आलं, म्हणजे बेलफास्टला जन्मलेली आजीसुद्धा चालते. त्यासाठी आयर्लंडच्या परराष्ट्र खात्याच्या ‘फॉरेन बर्थ्स रजिस्टर’मध्ये (परदेशात जन्मलेल्यांच्या नोंदवहीत) नाव नोंदवावं लागतं. पणजोबांपाशी मात्र गाडी अडते. १९८६ नंतर जन्मलेल्या अर्जदाराचे फक्त पणजी किंवा पणजोबा तिथले असतील, तर त्याच्या आई किंवा वडिलांनी त्याच्या जन्माआधीच ही नोंदणी केलेली असावी लागते, नाहीतर हक्क त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी अर्जाआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं संपतं आणि पासपोर्ट जमा करावा लागतो. ओसीआय कार्डासाठी (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) पुढे वेगळा अर्ज करता येतो. हा निर्णय घरात बसून, सगळ्यांशी बोलून घ्यावा.

पत्रांतून काय काढायचं

जुनं पत्र अर्जाला पुरावा म्हणून चालत नाही, पण पुरावा कुठे शोधायचा ते बहुतेक वेळा पत्रच सांगतं. त्यात शोधायचं ते ‘टाउनलँड’चं नाव. टाउनलँड म्हणजे गावापेक्षाही लहान, वाडीएवढा जमिनीचा तुकडा. आयर्लंडात असे साठ हजारांहून जास्त आहेत. नुसतं ‘कॉर्क’ किंवा ‘मेयो’ असं काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, नाव कळून भागत नाही. बॅलिना नावाचं गाव मेयोत आहे तसं टिपररीतही आहे. लिहिणाऱ्याने नाव कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून मोठ्याने वाचून पाहावं आणि मग नकाशावर उच्चाराला जवळची नावं शोधावीत. पाकिटावरचा टपालाचा शिक्का, पाद्रीबाबांचं नाव, ‘शेजारचे अमुक’ असे उल्लेख वहीत उतरवून ठेवा, पुढे ते उपयोगी पडतात. जुनी नावंही बदललेली आहेत: क्वीन्स काउंटी म्हणजे आजचं लीश, किंग्ज काउंटी म्हणजे ऑफली आणि ज्या क्वीन्सटाउनहून हजारो माणसं अमेरिकेच्या बोटीत चढली ते बंदर आता कोव म्हणून ओळखलं जातं.

पत्रं नसतील तर जिथे माणूस जाऊन राहिला त्या देशाचे कागद आधी चाळा. लग्नाच्या दाखल्यावर आई-वडिलांची नावं सापडतात, थडग्याच्या दगडावर कधी काउंटी कोरलेली असते. मुंबई इलाख्यात लष्करात किंवा रेल्वेत आलेल्या आयरिश माणसांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत. आयर्लंडची कपाटं उघडण्याची घाई इथेच नडते. वय, धर्म आणि आई-वडिलांची नावं हाताशी नसतील तर तिथे एकाच नावाची वीस माणसं समोर येतात.

आयर्लंडात काय शिल्लक आहे

३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सार्वजनिक दफ्तरखाना जळून गेला आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा बहुतेक भाग त्यात गेला. पण जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी तिथे नव्हत्या, त्या वाचल्या. १८६४ पासून सर्व धर्मांच्या जन्म, लग्न आणि मृत्यूंची नोंद आहे. १०० वर्षांहून जुने जन्म, ७५ वर्षांहून जुनी लग्नं आणि ५० वर्षांहून जुने मृत्यू ‘आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई’वर फुकट दिसतात, मूळ पानाच्या छायाचित्रासकट. १९०१ आणि १९११ ची जनगणना राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहे.

जन्माच्या नोंदीची ओळ शेवटपर्यंत वाचा. बापाचं राहण्याचं ठिकाण, आईचं माहेरचं आडनाव, बापाचा धंदा आणि शेवटी खबर देणाऱ्याची सही. लिहिता येत नसलेल्या आजीने किंवा शेजारणीने तिथे फुली मारलेली असते. ती बाई बाळंतपणाला हजर होती, एवढंही त्या ओळीतून कळतं.

तारखा जुळत नाहीत म्हणून घाबरू नका. उशिरा नोंद केली की दंड भरावा लागे, म्हणून आई-बाप जन्मतारीख पुढे ढकलून सांगत. त्यामुळे बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला दिसतो. १९०९ पासून सत्तरीला पेन्शन सुरू झाली, म्हणून १९०१ ते १९११ या दहा वर्षांत कित्येकांचं वय चौदा-पंधरा वर्षांनी वाढलेलं आढळतं. आडनावातला ‘ओ’ कधी असतो, कधी गळतो: सुलिव्हन आणि ओ’सुलिव्हन एकच घर असू शकतं. कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या (साधारण १८८० पर्यंतच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहेत) बऱ्याच ठिकाणी लॅटिनमध्ये लिहिल्या आहेत. तिथे जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम. बाप्तिस्म्याला उभे राहिलेले धर्मपिता-धर्ममाता बहुतेक नात्यातलेच असत, तीही नावं पत्रातल्या नावांशी ताडून पाहा.

अर्जाला लागणारे कागद

संकेतस्थळावरचं छायाचित्र अर्जाला चालत नाही. रॉसकॉमनच्या जनरल रजिस्टर ऑफिसकडून प्रमाणित दाखला मागवावा लागतो, एकाला २० युरो आणि टपालखर्च. उत्तर आयर्लंडच्या नोंदींसाठी बेलफास्टचं कार्यालय वेगळं आहे.

तीन पिढ्यांची साखळी उभी करायची असते. आजी किंवा आजोबांचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि हयात नसतील तर मृत्यूचा दाखला. आई किंवा वडिलांचेही तेच, हयात असतील तर ओळखपत्राची साक्षांकित प्रत. अर्जदाराचा जन्मदाखला, नाव बदललं असेल तर लग्नाचा दाखला, पासपोर्टची साक्षांकित प्रत, पत्त्याचे दोन पुरावे आणि चार फोटो, त्यातल्या दोहोंवर साक्षीदाराची सही. जन्मदाखले आई-वडिलांची नावं असलेले, पूर्ण नमुन्यातले हवेत. अर्ज अडतात ते सर्वात जास्त इथे, कारण छोट्या नमुन्यातल्या दाखल्यावर ती नावंच नसतात. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर जोडा. आजोबांची सरकारी जन्मनोंद सापडतच नसेल तर नोंद नसल्याचं पत्र घेऊन त्याबरोबर बाप्तिस्म्याचा दाखला द्यावा. आजीचं नाव एका कागदावर ब्रिजेट आणि दुसऱ्यावर डेलिया असेल तर दोन्ही एकाच बाईची नावं असल्याचं सोबतच्या पत्रात आधीच लिहा.

अर्ज ऑनलाइन भरून शुल्क भरायचं (प्रौढांना २७८ युरो, १८ वर्षांखालील मुलांना १५३ युरो), मग छापून साक्षीदारासमोर सही करायची आणि मूळ कागदांसह टपालाने पाठवायचं. साक्षीदार अर्जावरच्या व्यवसायांच्या यादीतला, ओळखीचा, पण नात्याबाहेरचा असावा. भावंडांनी वेगवेगळे अर्ज करायचे. छाननीला कित्येक महिने लागतात, म्हणून मूळ कागदांच्या प्रती काढून ठेवा.

नागरिकत्व नोंदणीच्या दिवसापासून मिळतं, जन्मापासून नाही. त्यामुळे त्या दिवसानंतर जन्मलेल्या बाळालाच पुढे हक्क मागता येतो. घरात पाळणा हलणार असेल तर आजोबांचा दाखला आजच मागवा.