रे मिलंड : टाइपरायटर उचलून थर्ड अ‍ॅव्हेन्यूवर

दक्षिण वेल्समधलं नीथ हे कोळसा, लोखंड आणि पत्र्याच्या कारखान्यांवर जगणारं गाव. ३ जानेवारी १९०७ रोजी तिथे आल्फ्रेड रेजिनाल्ड जोन्सचा, म्हणजे पुढे हॉलिवूडचा नट झालेल्या रे मिलंडचा, जन्म झाला. वेल्समध्ये जोन्स गल्लोगल्ली, त्यामुळे पडद्यासाठी दुसरं नाव घेणं भागच होतं. गावाकडच्या गिरणीलगतच्या जमिनींवरून, 'मिल लँड्स'वरून, 'मिलंड' सुचल्याचं तो सांगे.

अभिनयाचं शिक्षण त्याने घेतलेलं नव्हतं. तो लंडनला राजघराण्याच्या घोडदळात होता आणि नेमबाजीत तरबेज होता. १९२९च्या सुमारास ब्रिटिश चित्रपटांत किरकोळ कामं मिळाली, १९३०मध्ये एमजीएम या चित्रपट कंपनीने हॉलिवूडला नेलं. पुढे पॅरामाउंट या दुसऱ्या कंपनीत तो वर्षानुवर्षं देखणा, हसरा, सूट शोभणारा नायक म्हणून वावरला. या भूमिका आज फारशा कुणाला आठवत नाहीत, आणि त्यात त्याच्यावर अन्याय झाला असं मला वाटत नाही.

म्हणूनच दिग्दर्शक बिली वाइल्डरचं धाडस मोठं. चार्ल्स जॅक्सनच्या कादंबरीवरच्या 'द लॉस्ट वीकएंड'साठी त्याने याच हसऱ्या नायकाला निवडलं. तोवर हॉलिवूडमधला दारुडा बहुतेक वेळा हशा पिकवायलाच येई. इथे मात्र डॉन बर्नम हा लेखक बाटलीसाठी खोटं बोलतो, चोरी करतो. मिलंड कचरला होता. त्याची पत्नी मॅल हिने त्याला धीर दिला. वजन उतरवून तो न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात व्यसनी रुग्णांच्या वॉर्डात एक रात्र राहायला गेला. तिथल्या किंकाळ्या सहन न होऊन मध्यरात्रीच बाहेर पळाला, तर अंगावरचा रुग्णालयाचा झगा पाहून पोलिसाने त्याला परत आणून सोडलं, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलं आहे.

चित्रपटातला सर्वात जिव्हारी लागणारा प्रसंग रस्त्यावरचा आहे. दारूच्या पैशांसाठी बर्नम टाइपरायटर गहाण टाकायला निघतो, पण ज्यूंच्या योम किप्पूर या सणामुळे गहाणाची सगळी दुकानं बंद. लेखक आपलं एकमेव हत्यार उराशी धरून थर्ड अ‍ॅव्हेन्यूवर पाय ओढत राहतो. कॅमेरे लपवून हे टिपलं गेलं. पहिल्या चाचणी खेळाला प्रेक्षक भलतीकडेच हसले आणि चित्रपट डब्यात जायची वेळ आली. मग मिक्लोश रोझाचं, थेरेमिन या विजेवरच्या वाद्याच्या कापऱ्या सुरांचं संगीत आलं आणि हसू थांबलं.

१९४५च्या नोव्हेंबरात चित्रपट लागला. पुढच्या मार्चमध्ये त्याला चार ऑस्कर मिळाले. अभिनेत्याचं ऑस्कर घेणारा मिलंड हा पहिला वेल्श नट. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचा अभिनयाचा पुरस्कारही त्याला त्याच वर्षी मिळाला.

नंतर या उंचीची भूमिका त्याला पुन्हा लाभली नाही. तरी 'द थीफ' (१९५२) बघाच : त्यात कुणी एक शब्दही बोलत नाही. १९५४मध्ये हिचकॉकच्या 'डायल एम फॉर मर्डर'मध्ये त्याने बायकोच्या खुनाचा बेत आखणारा टेनिसपटू रंगवला. आपल्याकडे १९८५च्या 'ऐतबार'मध्ये राज बब्बरने केली ती हीच भूमिका. 'पॅनिक इन इयर झीरो'सारखे चित्रपट मिलंडने स्वतः दिग्दर्शित केले. १९७०च्या 'लव्ह स्टोरी'त तो नायकाचा करारी बाप झाला, एरवीच्या विगशिवाय.

१० मार्च १९८६ रोजी कॅलिफोर्नियात टॉरन्स इथे फुफ्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. त्याची रक्षा प्रशांत महासागरात सोडली.